खाट क्रमांक एक

वही मंगळवारी सापडली आणि रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला सगळे जमले. एरवी या भावंडांना एका खोलीत आणायचं तर दोन-दोन महिने आधी तारखा धराव्या लागत आणि ऐन वेळी कोणाचं तरी पोट बिघडे. या खेपेला कोणाचंच बिघडलं नाही. दुसऱ्याची चूक लेखी हाती लागली की माणसं वेळेवर येतात.

वही थोरलीला सापडली होती. ती दर मंगळवारी आईकडे यायची, तासभर बसायची आणि उशीचा अभ्रा बदलून जायची. धाकट्या भावजयीनं ते काम तिच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलंय की काय, असा संशय तिला अधूनमधून येई, पण तो तिनं कधी पुढे नेला नाही. त्या मंगळवारी आई खिडकीशी खुर्चीत डुलक्या घेत होती. अभ्रा ओढला तशी आतून एक शंभर पानी वही गादीवर पडली. आत डाव्या हाताची, वाकडीतिकडी अक्षरं. अर्धांगवायूनं आईचा उजवा हात आणि वाचा नेली त्याला सहा वर्षं झाली होती. ती पाटीवर 'पाणी', 'खिडकी', 'बंद कर' एवढं लिहायची. वही लिहीत असेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

थोरलीनं उभ्याउभ्याच चार पानं वाचली आणि वही पर्समध्ये टाकली. धाकटी चहा घेऊन आली तेव्हा 'घाईत आहे' म्हणून कपाला हात न लावता ती जिना उतरली. घरी जाऊन लाल पेन्सिल काढली. जन्मभर शाळेत वह्या तपासून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. लाल पेन्सिल हातात असली की तिला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत याचा विचार करावा लागत नसे.

तसा या घरात लिहिलेल्याला पहिल्यापासून मान. आई एका मोठ्या इस्पितळाची मेट्रन, सगळ्या परिचारिकांची मुख्य. सगळं गाव तिला मेट्रन म्हणे, आणि मुलंही पाठीमागे तेच म्हणत. घरातही वॉर्डाचीच शिस्त होती. दिवे मालवण्याआधी ती मुलांच्या अंथरुणांची रांग दाराकडून तपासत यायची: एकचा ताप, दोनचा दात, तीनचा खरचटलेला गुडघा. थोरली दाराशी झोपायची. तिच्या कपाळावर हात आधी पडायचा आणि दोघे भाऊ जागे राहून आपली पाळी यायची वाट बघायचे. तोंडानं काही सांगितलं तर मेट्रन म्हणायची, "लिहिलंय का कुठे? नाही ना, मग झालं नाही." पुढे मधला जमीनमोजणीच्या कचेरीत लागला, त्याची बायको औषधांच्या दुकानात चिठ्ठ्या वाचू लागली, आणि घर कागदाचं ते कागदाचंच राहिलं. धाकटा तेवढा निराळा, बसचालक. तो बोलून मोकळा होणारा. तो गेला आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी मेट्रन आडवी झाली.

तर रविवारी बाहेरच्या खोलीत मधला हातांच्या एकमेव खुर्चीत बसला, त्याची बायको, म्हणजे मधली, शेजारच्या स्टुलावर. धाकटी स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभी राहिली. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं, कारण आत आई होती.

"आईलाच विचारू या का सरळ?" मधल्यानं आल्या आल्या म्हटलं होतं. "हो-नाही तर करतेच ना ती."

"नको," थोरली म्हणाली होती. "तिला त्रास कशाला? सगळं लिहिलंय तिनं. तिच्या हातानं."

आता तिनं चष्मा चढवला.

"वाचते. कोणी मध्ये बोलू नका. 'तारीख चार. खाट एक. सकाळी नुसता चहा. दुपारी दोन घास. पाठीत कळ, वाकवत नाही. कोणी विचारले नाही.' आणि खाली, 'खाट दोन. जैसे थे.'"

"खाट दोन म्हणजे ही," मधली धाकटीकडे बोट दाखवत म्हणाली. "खोलीत दोनच तर खाटा."

"म्हणजे एकीला जेवण नाही आणि दुसरीचं सगळं जैसे थे," मधला म्हणाला. "वा."

"'तारीख नऊ. खाट एक. झोप तीन तास. पहाटे रडणे, दहा मिनिटे, तोंड दाबून. कारण विचारणारे कोणी नाही. खाट दोन, जैसे थे.'" थोरलीनं पान उलटलं. तिचा आवाज शाळेतल्यासारखा करडा झाला होता. "'तारीख अठरा. खाट एक. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, रुपयाएवढा. मलम लावलेले नाही.'"

"भाजलं?" मधली उठलीच. "अगंबाई. बघायला हवं."

"महिना झाला त्याला," मधला म्हणाला. "राहिलाय का आता डाग. बस तू."

ती बसली. पुढे कित्येक दिवस थोरलीला हीच गोष्ट टोचत राहणार होती. आईचं मनगट तिथून अवघ्या पाच पावलांवर होतं आणि त्या पाच पावलांचा तिघांनाही कंटाळा आला.

धाकटीनं तेव्हा फक्त शर्टाची बाही खाली ओढली. चेहरा लाल झाला होता. थोरलीनं ते टिपलं. अपराधी मूल असंच करतं, कुठेतरी काहीतरी ओढत बसतं.

"यावर तुझं काय म्हणणं आहे?"

"पुढचं वाचा ना, ताई," धाकटी हळूच म्हणाली.

थोरलीला तो उद्धटपणा वाटला. तिनं पुढचं वाचलं. सगळंच वाचलं, चार महिन्यांचं. कोणत्या दिवशी केस विंचरले नव्हते, कोणत्या दिवशी फोन वाजला आणि उचलला नाही, कोणत्या दिवशी खिडकीतून खाली शाळेला जाणारी मुलं बघत अर्धा तास गेला. धाकटी चौकटीला टेकून ऐकत होती, एखादं जुनं पत्र ऐकावं तशी. मधल्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटचं पान थोरलीनं लाल पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केलं होतं.

"'शिफारस. खाट एकला आता घरी सोडावे. पुष्कळ झाले.'" तिनं वही मिटली. "आपली आई घरी न्या म्हणतेय. आपल्या घरी."

आतापर्यंत तिघं एका बाजूला आणि धाकटी एका बाजूला, असं सोपं गणित होतं. 'आपल्या घरी' म्हटल्याबरोबर ते विस्कटलं.

"आपल्या म्हणजे कुठल्या?" मधलीनं विचारलं.

"तुमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"आमचा चौथा मजला आहे, ताई. लिफ्ट नाही. आईंना काय पाठीवरून न्यायचं? तुमचा तळमजला आहे."

"माझ्याकडे ह्यांचे गुडघे आहेत," थोरली म्हणाली. "शिवाय दोन नातवंडं. आई म्हणजे शांतता लागते."

"इथे काय कमी शांतता आहे?" मधला म्हणाला, आणि बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं खुर्चीचे हात चाचपले. "नाही, म्हणजे तसं पाहिलं तर हिनंही सहा वर्षं केलंच की. माणूस आहे. थकतं."

"तेच म्हणते मी," मधलीनं लगेच सूर धरला. "एकदम टोकाला नको जायला. समज द्यावी. वेळापत्रक लिहून भिंतीला लावावं. मी येत जाईन अधूनमधून तपासायला."

पाच मिनिटांपूर्वी जिला हे दोघं फाडून खायला निघाले होते, तिच्या बाजूनं आता दोघं वकील उभे होते. आणि खरं सांगायचं तर थोरलीलाही हायसंच वाटलं. तिनं समजूतदार चेहरा केला. "मीही राईचा पर्वत करणारी नाही. चूक कबूल केली तर—"

"मी जाते," धाकटी म्हणाली.

"कुठे?"

"बहिणीकडे. चष्म्याच्या काचा घासायचं काम यायचं मला, तुम्हाला आठवत असेल. तिच्या गावात एक कारखाना आहे. मागच्या वर्षीपासून बोलावतेय ती."

"अगं पण असं तडकाफडकी?" मधली म्हणाली. "महिनाभर तरी—"

"पुष्कळ झाले, असं लिहिलंय ना त्यात."

थोरलीला सहा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली, जी ती सहसा आठवू देत नसे. हीच खोली. धाकटीची बॅग भरून दाराशी ठेवलेली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, ती माहेरी निघाली होती. तिचा हात धरून थोरली म्हणाली होती, "दोनच महिने बघ आईकडे. मग आम्ही काहीतरी करतो." त्यानंतर ते घोंगडं भिजत पडलं. दोन वर्षांपूर्वी धाकटीची आई वारली तेव्हा तिला दोन दिवसांची सवड मिळाली होती, तीसुद्धा थोरलीनं 'लवकर ये हं' असं बजावून दिलेली.

धाकटीला भरायला फार नव्हतंच. वीस मिनिटांत तीच बॅग पुन्हा दाराशी आली. मग तिनं थोरलीला स्वयंपाकघरात नेलं.

"दोन वाजता कुशीवर वळवायचं. आधी उजवा गुडघा दुमडायचा, मग खांदा, नाहीतर कळ येते. सूप देताना हनुवटी खाली, घोट गिळल्याचा आवाज आला की मगच पुढचा चमचा. खिडकीचं एकच दार उघडं ठेवायचं. रेडिओवरच्या बातम्या लावायच्या, पण हवामान आलं की बंद. मंगळवारपासून काहीतरी शोधताहेत उशीखाली. मला कळत नव्हतं काय ते."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी बाहेर आली, बॅग उचलली, "येते" म्हणाली आणि गेली. मधल्यालाही मग एकाएकी काम आठवलं. "आजचा दिवस तू आहेसच ना, ताई? उद्या फोनवर बोलू." त्यांचे पाय जिन्यावर वाजले, धाकटीच्या पायांपेक्षा कितीतरी घाईनं.

थोरली वही घेऊन आत गेली. आईला उश्यांना टेकवून बसवलेलं होतं. खिडकीशी तिची खाट, आणि दाराशी धाकटीची, घडी घातलेल्या चादरीची.

"आई," थोरली तिच्या पायाशी बसत म्हणाली, "मी वाचलं सगळं. आता तुला कोणी उपाशी ठेवणार नाही. मी आहे."

आईनं तिच्याकडे पाहिलं. वॉर्डात नवख्या परिचारिकेनं थर्मामीटर उलटा धरला की जसं पाहायची तसं. डावा हात पुढे केला. थोरलीनं वही दिली तेव्हा बाही सरकली आणि मनगट दिसलं. सुरकुतलेलं, स्वच्छ, तेल लावलेलं. कुठे डाग नाही, व्रण नाही. नखं कापलेली. थोरलीनं नकळत ते धरून उलटसुलट पाहिलं.

"भाजलं कुठे होतं?"

आईनं हात सोडवून घेतला. एक बोट वर केलं आणि दाराजवळच्या खाटेकडे दाखवलं. मग दोन बोटं केली आणि स्वतःच्या छातीला लावली.

थोरलीला समजायला वेळ लागला असं नाही. उलट फार चटकन समजलं. दारापासून. मेट्रन सगळं आयुष्य दारापासून मोजत आली होती. वॉर्डात, घरात, अंथरुणांच्या रांगेत. दाराशी कोण झोपायचं हे थोरलीला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं मात्र आजारी माणसापासून मोजायला सुरुवात केली होती, कारण या खोलीत दुसरंही कोणी आजारी असू शकेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी नुसता चहा. झोप तीन तास. तोंड दाबून रडणे. कोणी विचारले नाही. जी बोलू शकत नव्हती ती एकटी रोज टिपून ठेवत होती, आणि ज्यांना बोलता येत होतं त्यांनी ते टिपण धाकटीवरच आरोपपत्र म्हणून वाचलं.

"मी तिला घालवलं, आई," ती म्हणाली. "मी तिला चोरासारखी उभी करून वाचून दाखवलं."

खिडकीतून खाली बसथांबा दिसत होता. धाकटी बॅगेवर बसून होती.

बासष्टाव्या वर्षी थोरली तीन जिने उतरली, आईला एकटीला टाकून. सहा वर्षांत हे या घरात कोणी केलं नव्हतं, आणि पहिल्याच तासाला तिनं केलं. थांब्याशी पोचली तेव्हा तिला धड बोलता येईना.

"तुझा हात दाखव."

धाकटीनं बाही वर केली. डाव्या मनगटावर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. "सुपाचं भांडं लागलं होतं," ती म्हणाली. "आई आवाज करत होत्या, धावत गेले. मग मलम राहूनच गेलं."

"तुला केव्हा कळलं?"

"दुसऱ्या पानाला. तीन तासांच्या झोपेवर."

"मग बोलली का नाहीस? मी एवढी वाट्टेल ते बोलत होते."

धाकटीनं बाही पुन्हा खाली ओढली. "तुम्ही माझं वाचत होतात, ताई. तुम्हाला माहीत नव्हतं, पण माझंच वाचत होतात. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मी जेवले की नाही, झोपले की नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी. मला वाटलं, मध्ये बोलले तर तुम्ही थांबाल."

थोरलीला रडू आलं. भर रस्त्यात, लोक बघत असताना. तिनं ते आवरलं नाही, आवरणं तिला शोभलंही नसतं. "वर चल," ती म्हणाली. "मी दोघांना आत्ता फोन करून बोलावते. सगळ्यांच्या समोर तुझी माफी मागते."

"नको."

"का पण?"

"मघाशी आत गेले तेव्हा आईंनी माझी नाडी धरली. पूर्ण एक मिनिट, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मग दाराकडे बोट केलं." धाकटी उठली, कारण बस वळणावर दिसत होती. "मी तुमच्या वाचनानं नाही निघाले. त्यांनी सोडलं म्हणून निघाले. आता परत वर आले तर त्या रागावतील."

"मला रागव ना तू. काहीतरी बोल."

"दोन वाजत आलेत, ताई. कुशीवर वळवायचंय."

बस आली, धाकटी चढली. तिनं जाताना खिडकीतून हात केला, तो थोरलीला नव्हता. वर तिसऱ्या मजल्याकडे होता.

थोरली जिना चढून आली तेव्हा दोन वाजून सात मिनिटं झाली होती. तिनं आधी खांदा धरला. आई कण्हली. मग तिला आठवलं, गुडघा आधी. दुसऱ्यांदा जमलं. पाठीशी उशी लावली, खिडकीचं एक दार लोटलं, आणि आतली खुर्ची बाहेरच राहिली होती म्हणून दाराजवळच्या खाटेवर बसली. तिथून आईचा चेहरा सरळ दिसत होता. आईलाही तिथला चेहरा सरळच दिसत असणार, रोज, सहा वर्षं.

आईनं वही उघडली, बोटानं लिहिल्याची खूण केली. थोरलीनं पर्स चाचपली. तिच्याकडे लाल पेन्सिलच होती. आईनं त्या लाल टोकाकडे नापसंतीनं पाहिलं, पण घेतली. पुष्कळ वेळ ती लिहीत होती. वही गुडघ्यावरून घसरत होती तरी तिनं मदत घेतली नाही. मग तिनं पान थोरलीकडे वळवलं.

'खाट एक. नवीन दाखल. वय बासष्ट. धाप. रडणे चालू. सकाळपासून खाल्ले आहे का, विचारावे.'

थोरलीनं वाचलं आणि मान वर केली. आई भुवया उंचावून उत्तराची वाट बघत होती.